चूक आपली नाही, अपघात झाला. आता काय करावे?

(आकाशवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



भाताची रोपवाटिका, करपा, खोडकिडा सोडून आज मोटारीच्या अपघातावर का बोलतो आहे, असे तुम्हाला वाटेल. कारण सरळ आहे. आपली शेती आता बांधावर संपत नाही. वडिवळे, सांगिसे, बुधवडी, वळक या गावांतले दूध, भाजी, इंद्रायणीचा तांदूळ कामशेतच्या बाजाराला जातो. खत, बियाणे तिकडूनच येते. म्हणजे जुन्या पुणे-मुंबई महामार्गाशी आपला रोजचा संबंध. कोणी मोटारसायकलला दुधाची किटली अडकवून जातो, कोणी ट्रॅक्टर घेऊन, कोणी डोक्यावर पाटी घेऊन पायी. आणि शेजारून गाड्या धावत असतात भरधाव.

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. कार्तिकी वारीसाठी आळंदीकडे निघालेली दिंडी आपल्याच मावळात, साते गावाजवळ महामार्गाच्या कडेने चालली होती. त्या दिंडीत पिकअप गाडी घुसली. महिला वारकऱ्यांचे प्राण गेले, बरेच जण जखमी झाले. आता सांगा, हरिनाम घेत कडेने चालणाऱ्या माणसाची त्यात काय चूक?

चूक आपली नव्हती हे आपल्याला माहीत असते. गावालाही माहीत असते. पण विमा कंपनीला आणि न्यायालयाला ते कागदावर दिसावे लागते. चूक कोणाची हे रस्त्यावर आवाज चढवून ठरत नाही. ते पहिल्या दोन-चार दिवसांत झालेल्या कागदांवरून ठरते. आजच्या भाषणात एवढे एकच सांगायचे आहे. बाकी सारे त्याचाच विस्तार समजा.

१. आधी माणूस, मग बाकीचे

जखमीला आधी दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन नंबर लहान पोरांनाही पाठ हवेत. डोक्याला, मानेला किंवा पाठीला मार असेल तर माणसाला खेचून उचलू नका. रुग्णवाहिकेची माणसे फळीवर घेऊन उचलतात, तसेच उचलावे.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात, ही भीती मनातून काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच १३४-अ हे कलम घातले गेले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. त्याने स्वखुशीने साक्ष दिली तर मात्र जखमीच्या घरावर मोठे उपकार होतात.

पैशासाठीही थांबू नका. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू आहे. कोणत्याही रस्त्यावर मोटारीमुळे अपघात झाला तर ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळतात. अपघात खरा आहे अशी पोलिसांची खातरजमा मात्र लागते. म्हणजे इथेही पोलिसात नोंद हवीच.

२. गाडीचा नंबर आणि जागेच्या खुणा

धडक देणाऱ्या गाडीचा नंबर लगेच लिहून घ्या. कागद नसेल तर हातावर लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा. आज घरोघरी मोबाइल आहे, त्याचा उपयोग इथे करावा. गाड्या हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्या: रस्त्यावर टायर घासल्याची खूण, फुटलेली काच, सांडलेले दूध, आपण कोणत्या कडेला होतो ते. जवळचा किलोमीटरचा दगड, पूल किंवा दुकानाची पाटी फोटोत आली तर फार चांगले. जवळच्या हॉटेलात किंवा पंपावर कॅमेरा असेल तर पोलिसांना तो लगेच दाखवा. त्यातले चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. पाहणाऱ्या दोन माणसांची नावे आणि फोन नंबर घेऊन ठेवा.

गाडीच्या नंबरावरून विमा चालू आहे की नाही हे परिवहन खात्याच्या एम-परिवहन या मोबाइल ॲपवर दिसते. गावातल्या शिकलेल्या पोराला सांगितले तर पाच मिनिटांत बघून देईल.

३. जागेवर मिटवू नका

आपली मंडळी फसतात ती इथे. समोरचा चालक हात जोडतो, "दादा, हे घ्या पाच हजार, पोलीस कशाला?" म्हणतो. दोन-चार जण मध्ये पडतात. आपणही म्हणतो, जाऊ द्या, थोडाच लागलाय मार. संध्याकाळी गुडघा सुजतो. दुसऱ्या दिवशी फोटोत हाड मोडलेले निघते. तोवर गाडी मुंबईला गेलेली असते आणि तिचा नंबर कोणाकडेच नसतो.

मुका मार वाटतो तो पुष्कळदा मुका नसतो. तेव्हा "मला काही नको, काही तक्रार नाही" असे कागदावर लिहून देऊ नका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा तर कधीच नको. आणि चालकाला मारहाणही करू नका. मारहाण केली की उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होतो आणि आपली खरी बाजू दुबळी होते.

४. पोलीस ठाण्यात फिर्याद

अपघात ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाला तिथे फिर्याद द्यावी. आपल्या बाजूच्या गावांना कामशेत ठाणे जवळचे. हद्दीचा वाद निघाला तरी कायद्याने कोणत्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. जखमी दवाखान्यात असेल तर घरच्या कोणीही फिर्याद द्यावी.

फिर्यादीत जे पाहिले तेवढेच, साध्या शब्दांत सांगा. आपण कोणत्या कडेने, कोणत्या दिशेने चाललो होतो. गाडी पुढून आली की मागून. उजेड होता की अंधार. पाऊस होता का. धडक कुठे बसली. गाडीचा वेग ताशी किती होता हे ठाऊक नसेल तर आकडा सांगू नका, "भरधाव होती" एवढे पुरे. लिहून झाले की वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या आणि मगच सही करा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे, ती घेतल्याशिवाय उठू नका. फिर्याद घेतलीच नाही तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

नंतर जागेचा पंचनामा होतो. त्या वेळी आपले माणूस तिथे हजर असावे. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि पुढे सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, असा १ एप्रिल २०२२ पासून नियम आहे. तो गेला की नाही हे ठाण्यात अधूनमधून विचारत राहा.

५. दवाखान्याचे कागद

दवाखान्यात "पाय घसरून पडलो" असे कोणी सांगू नये. काही जण पोलिसांचे झंझट नको म्हणून तसे सांगतात. ती एक ओळ पुढे सगळा दावा बुडवते. मोटारीने धडक दिली असेच सांगा आणि तशी नोंद झाली का ते पाहा.

हाड मोडणे, सांधा निखळणे, दात पडणे, किंवा पंधरा दिवस नेहमीचे काम करता न येणे याला कायदा गंभीर दुखापत म्हणतो. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात कोणते हाड मोडले आणि किती दिवस काम बंद हे स्पष्ट लिहून घ्या. औषधांच्या पावत्या, क्ष-किरण फोटो, रिक्षा-जीपचे भाडे, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च हे सारे एका पिशवीत ठेवा. लावणीच्या दिवसांत घरधनी अंथरुणावर असेल आणि मजूर लावून लावणी करावी लागली तर ती मजुरीही वहीत तारखेसह लिहा आणि मजुराची सही घ्या.

६. बैल, गाय, गाडी यांचे नुकसान

अपघातात बैल किंवा दुभती गाय दगावली, बैलगाडी मोडली, तरी भरपाई मागता येते. न्यायाधिकरणात माणसाबरोबर मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा चालतो. मात्र जनावर घाईने पुरू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. दाखल्यात वय, जात, किती वेत, रोजचे दूध आणि अंदाजे किंमत लिहून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा नंबर फोटोत यावा.

७. भरपाई ठरते कशी

हा भाग नीट ऐका. मृत्यू झाला असता न्यायाधिकरण वय, कमाई आणि अवलंबून असलेली माणसे पाहते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मधील निकालांत याचे कोष्टक घालून दिले आहे. एक उदाहरण घेऊ.

समजा, ३८ वर्षांचा शेतकरी. घरात त्याच्यावर अवलंबून चार माणसे. कमाई महिना १२,००० रुपये धरली, म्हणजे वर्षाला १,४४,०००. वय चाळिशीच्या आत असल्याने पुढे वाढणाऱ्या कमाईचे ४० टक्के त्यात मिळवायचे, झाले २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,५१,२००. या वयाला १५ ने गुणायचे. रक्कम झाली २२ लाख ६८ हजार. शिवाय अंत्यविधी वगैरेच्या ठराविक रकमा वेगळ्या.

आता तोच शेतकरी, पण डेअरीच्या पावत्या आणि बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या दाखवून कमाई महिना १८,००० सिद्ध झाली. त्याच हिशेबाने रक्कम होते ३४ लाख २ हजार. म्हणजे ११ लाख ३४ हजारांचा फरक! आपण चुलीत घालतो त्या डेअरीच्या पावत्यांची ही किंमत आहे, मंडळी.

विमा कंपनी आणखी एक मुद्दा काढते. म्हणते, माणूस गेला तरी जमीन घरातच राहिली, मग उत्पन्न कुठे बुडाले? सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये जसबीर कौर यांच्या खटल्यात म्हटले आहे, की जमीन वारसांकडे राहते, पण ती बघायला माणूस ठेवावा लागू शकतो हेही पाहावे. म्हणून नुसता सातबारा पुरेसा नाही. तो माणूस स्वतः काय करत होता ते दाखवा: किती गुरे पाळत होता, नांगरट स्वतः करत होता का, दुसऱ्याकडे ट्रॅक्टर चालवायला जात होता का. आणि आता त्या कामाला किती मजुरी पडते, हेही दाखवा.

घरातली बाई गेली तर "ती काही कमवत नव्हती" असे म्हणू नका. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामालाही मोल आहे हे पुन्हा स्पष्ट सांगितले. आपल्याकडे तर बाई घर सांभाळून लावणी, बेणणी, कापणी, धारा सारे करते. ते सगळे दाव्यात लिहा.

दावा अपघात झाला त्या ठिकाणच्या किंवा आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. मुंबईची गाडी असली तरी मुंबईला हेलपाटे नकोत. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. उशीर झाला असला तरी परस्पर हात झटकू नका, आधी वकिलाला विचारा. विमा कंपनीने तडजोडीची रक्कम देऊ केली तर ती स्वीकारण्याआधी वरचा हिशेब करून पाहा. चूक सिद्ध न करता मिळणारी ठराविक रक्कम मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. ती घेतली की मोठा दावा संपतो. वकिलाला भरपाईतली टक्केवारी कबूल करू नका, तशी फी वकिलांच्या नियमांत बसत नाही. ऐपत नसेल तर वडगाव मावळच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या नंबरावर फोन करा.

८. गाडी ठोकून पळाली तर

रात्री धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, तरी घरी बसू नका. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा. फिर्याद, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र आणि बँक पासबुक लागते. पुढे गाडी सापडली आणि मोठी भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

९. शेतकऱ्याची स्वतःची योजना आणि तीस दिवस

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल २०२३ पासून आपल्या राज्यात आहे. हिला हप्ता भरावा लागत नाही. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक जण, म्हणजे आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांपैकी एक, असे दोघे पात्र. वय १० ते ७५. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा व एक अवयव गेल्यास दोन लाख; एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. चूक कोणाची हा इथे मुख्य प्रश्न नाही, पण दारूच्या अंमलाखाली झालेल्या अपघाताला ही मदत मिळत नाही.

प्रस्ताव अपघातापासून तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. घरातला माणूस जातो. दहावा, तेरावा होईपर्यंत कोणाला कागद सुचत नाहीत, आणि ते साहजिक आहे. पण तेराव्यापर्यंत जवळजवळ निम्मी मुदत संपलेली असते. म्हणून हे काम दुःखात असलेल्या घराने नव्हे, भावकीने, शेजाऱ्याने, पोलीस पाटलाने अंगावर घ्यावे. सातबारा, वारस नोंदीचा सहा-क, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, फिर्याद आणि पंचनामा एवढे गोळा करून द्यावे. एखादा कागद मागे राहिला तर काय करायचे ते कृषी कार्यालयात विचारा, पण त्यासाठी घरी थांबू नका. सरकारच्या दुसऱ्या विभागाच्या अपघात योजनेचा लाभ घेतला असेल तर ही मदत मिळत नाही. तेव्हा कोणता अर्ज करायचा हे आधी विचारून घ्या.

शिवाय बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात का ते पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिच्यातून मृत्यूला दोन लाख मिळतात. कितीतरी घरांना आपला असा विमा आहे हे ठाऊकच नसते.

१०. आपली बाजू आधीच भक्कम ठेवा

समोरच्याची चूक असली तरी आपलीही थोडी चूक दिसली की भरपाई तेवढी कापली जाते. म्हणून ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे लाल चकाकणारी पट्टी लावा. बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यात तशीच सोडू नका. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही विमा आहे ना ते तपासा. लावणीची माणसे ट्रॉलीत बसवून नेऊ नका. शेतीकामाच्या विम्यात ट्रॉलीतली माणसे धरलेली नसतात आणि भरपाई मालकाच्या बोडक्यावर येते. मोटारसायकलवर हेल्मेट घाला.

आणि द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर, बैलगाडी, मोटारसायकल नेऊच नका. तिथे त्यांना बंदी आहे. जुलै २०२४ मध्ये आषाढीला पंढरपूरकडे निघालेली भाविकांची बस पनवेलजवळ त्या मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात गेली. पाच जीव गेले. बंदी आहे ती उगाच नाही.

ध्यानात ठेवायच्या मुदती (कापून घरात चिकटवा)

• लगेच: १०८, ११२, गाडीचा नंबर, फोटो, दोन साक्षीदार.
• त्याच दिवशी: दवाखान्यात खरी नोंद, पोलिसात फिर्याद, फिर्यादीची प्रत.
• ३० दिवसांत: शेतकरी अपघात योजनेचा प्रस्ताव, तालुका कृषी अधिकारी कार्यालय.
• ६ महिन्यांत: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा.
• कायम: डेअरीच्या पावत्या, विक्रीच्या पट्ट्या, विम्याचे कागद एका पेटीत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, गेलेले माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही. पण मागे राहिलेल्या लेकरांची शाळा, कर्जाचा हप्ता आणि पुढल्या लावणीचे बियाणे त्या रकमेवर उभे राहते. तो पैसा कोणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. हे पत्रक वाचून झाले की शेजारच्या घरी द्या; ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणि संध्याकाळी डेअरीवरून येताना पावती खिशातच ठेवा, फेकू नका.